आगोटीचा एक दिवस, करवीच्या घरात

डोळा चोळू नका, कोळशाचा कण आत रुतेल. पापणी हलकेच पुढे ओढा, पाणी येऊ द्या आणि उतरा. गाडी इथं फार थांबत नाही. पाटीवर घोलवड लिहिलंय. साल 1958, ज्येष्ठ चालू आहे आणि मृग लागायला चार-सहा दिवस उरलेत. इंजिनाची शिटी ताडांच्या रांगेपलीकडे विरली की पहिली गोष्ट जाणवेल ती सदऱ्याची. तो पाठीला चिकटलाय आणि आता रात्रीपर्यंत सुटणार नाही. समुद्र जवळच आहे, वाराही आहे, पण त्या वाऱ्यातच इतकं पाणी भरलंय की घामाला उडून जायला जागा उरलेली नाही.

तुमचं पाकीट मागंच राहू द्या. हातात ही सुटी नाणी घ्या, काही आणे आणि काही नवे पैसे. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झालेत, पण सोळा आणेही अजून चालतात, आणि दुकानाच्या फळीपाशी रोज हिशोब अडतो. एका आण्याचे सहा नवे पैसे, चार आण्यांचे मात्र पंचवीस. म्हणजे एकेक आण्याचं मीठ चार वेळा घेतलं तर चोवीस होतात आणि एकदम पावली टाकली तर पंचवीस. बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्या माणसाला हे कोण समजावणार? तुम्ही समजावायला जाऊ नका, उशीर होईल. आपल्याला ऊन चढायच्या आत टेकडी गाठायची आहे.

या किनाऱ्याकडच्या भागाला इथले लोक बंदरपट्टी म्हणतात. तुम्ही निघालात जंगलपट्टीत. मधे चिकूच्या वाड्या लागतात. सावली इतकी दाट, की बाहेर डोळे दिपत असताना इथं पायाखालची माती ओली आहे. कान द्या. एका विहिरीवर रहाट करकरतोय, पलीकडच्या वाडीत तेलावरचं इंजिन फुकफुकतंय, आणि पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवलं जातंय. इराणातल्या यझ्द-केरमानकडून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी या किनाऱ्यावर वाड्या उभ्या केल्या. त्यांच्या बंगलीच्या ओटीवरून पुदिना आणि गवती चहा उकळल्याचा वास येतोय. झाडावर मात्र वारली गडी आहे. लांब काठीच्या टोकाला जाळीची पिशवी, त्यात एकेक फळ अलगद उतरतंय. देठातून पांढरा चीक ओघळतो, तो हाताला लागला की तासभर चिकटतो. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. कठीण असतानाच काढतात, वरचा भुसा पुसतात आणि करंड्या भरून मुंबईच्या गाडीला लावतात. पुढे 2016 मध्ये याच फळाला डहाणू-घोलवड चिकू म्हणून भौगोलिक मानांकन मिळेल. आज झाडावरच्या गड्याला दिवसाची मजुरी मिळेल, आणि संध्याकाळी घरी नेण्यासाठी फुटकी-दबकी फळं.

वाटेत एक मांगेला बाई तुम्हाला मागं टाकून पुढं जाईल. डोईवर टोपली, टोपलीत सुके बोंबील, जवळा, मांदेली. नाक धरू नका. पुढचे चार महिने जंगलपट्टीतल्या कित्येक घरांत भाकरीबरोबर जे काही असेल ते या टोपलीतूनच जाणार आहे. होड्या आता किनाऱ्यावर ओढून घेतल्यात, समुद्र खवळायला लागलाय, म्हणून ती घाईत आहे. आगोट म्हणतात हिला, पावसाआधीची ही तरतुदीची धांदल. तुम्ही नेमके त्या धांदलीत येऊन पोचलात.

कोसबादची टेकडी चढताना दम लागेल. थांबा, समोर बघा. एका अंगणात सात-आठ पोरं उकिडवी बसलीत आणि एक बाई एकेकाला पुढ्यात घेऊन नखं कापतायत, केस विंचरतायत. बाजूला जमिनीवर शिंपले, चिंचोके, सागरगोटे, पानं मांडलीत. मोजायला शिकायचं ते यांवरून. पांढऱ्या पातळातल्या या अनुताई वाघ. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. दोघींनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि गेल्या वर्षी सगळं बिऱ्हाड या टेकडीवर हलवलं. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांचं ठरलं. जी पोरं दिवसभर गुरांमागं असतात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा. पुढे देशभर अंगणवाडी हा शब्द ज्या अर्थाने रुळला, त्याची सुरुवात या भागातल्या शेणानं सारवलेल्या अंगणांतून झाली. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या पोरांना नाही. त्यांचं लक्ष तुमच्या बुटांकडे आहे.

बूट काढा. खरंच काढा आणि पिशवीत टाका. इथून पुढच्या पाड्यांवर बुटांचा आवाज आला की बायका पोरांना आत ओढतात, कारण बूट घालून येणारा एकतर जंगल खात्याचा शिपाई असतो, नाहीतर सावकाराचा माणूस. अनवाणी चाला. पाय पोळतील, पण लोक तुमच्याशी बोलतील.

टेकडीपलीकडे सावली संपते. समोर तलासरीकडे जाणारी पायवाट, दोन्ही बाजूंना उघडी खाचरं. तलासरी अजून तालुका झालेली नाही. मधूनच एखाद्या खाचरात काळा चौकोन दिसेल, त्यावर पांढरी राख. तो राब. उन्हाळाभर बायकांनी डोईवरून फांद्या, पालापाचोळा, शेण आणून इथं पसरलं, वर माती टाकली आणि पेटवलं. जमीन भाजली की तण मरतं आणि राखेत भाताचं रोप जोरानं उठतं. जळून महिना झाला तरी वास गेलेला नाही. गरम वाऱ्याबरोबर राख उडते आणि घामावर बसते. तुम्ही पाड्यावर पोचाल तेव्हा तुमचं तोंड इथल्या माणसांच्या तोंडासारखंच दिसत असेल. बरंच झालं.

आता घर. बाहेरून बघाल तर गवताचा मोठा उतरता ढीगच दिसतो, भिंत जेमतेम कमरेएवढी. दार शोधा. वाका. अजून वाका, नाहीतर कपाळमोक्ष होईल. आत पाऊल टाकलंत की दोन गोष्टी एकदम घडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि अंगातला जाळ उतरतो. उभे राहा थोडा वेळ. बाहेर दगडावर हात ठेववत नाही आणि इथं शेणानं सारवलेल्या जमिनीवर तळपाय टेकताच गार वाटतंय. 

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण मला यात इथल्या माणसाची सगळ्यात मोठी हुशारी दिसते. भिंत करवीच्या काठ्यांची आहे. सह्याद्रीच्या उतारांवर करवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून गेली की मरते. वाळलेल्या सरळ काठ्या तोडून आणायच्या, एकीला एक लावून उभा कूड विणायचा आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा द्यायचा. गिलावा जिथं पातळ आहे तिथून वारा झिरपतो. खिडकी नाही, कारण खिडकीतून ऊनही येतं. छप्पर हातभर जाडीच्या गवताचं, उतार इतका की पाण्याला रेंगाळता येऊ नये, आणि कडा इतक्या खाली की भिंतीला ऊन लागू नये. मधे चूल. तिला धुराडं नाही. धूर वर जातो, गवतातून गाळत गाळत बाहेर पडतो, आणि जाताना वाळवी, भुंगे, डास यांना पळवून लावतो. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छप्पर पेटलंय. कुणी धावू नका, आत आंबील शिजतेय.

डोळे आता सरावले असतील. डावीकडे बैल आणि एक गाय; घरातच, मधे फक्त बांबूची आडवी काठी. गोमूत्राचा, ओल्या गवताचा, धुराचा आणि मोहाच्या वाळलेल्या फुलांचा मिळून एक वास आहे, तो आता तुमच्या केसांत शिरला. उजवीकडे बांबूची विणलेली कणगी, शेणानं लिंपलेली. वर माळा. माळ्याच्या वाशाला एक तारपा टांगलाय, दुधी आणि बांबूचा, ताडाच्या पानाच्या कर्ण्याचा. त्याला हात लावू नका. त्याचे दिवस भात पिकल्यावर येतात, तेव्हा सगळा पाडा त्याच्याभोवती हातात हात गुंफून फेर धरतो.

आणि समोरच्या भिंतीवर चौक. या घरात वैशाखात लग्न झालंय. सवाशिणींनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी दातांनी चावून तिची कुंची केली आणि लाल भिंतीवर हा चौक लिहिला. मधे पालघट देवी, शेजारी घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती झाडं, गुरं, उखळावर कांडणाऱ्या बायका, फेर धरलेली माणसं. धवलेरींनी गाणी म्हणून लग्न लावलं. महिना झाला, आता चुलीच्या बाजूनं चित्रावर धुराचा पिवळा थर चढायला लागलाय. कुणाला त्याची हळहळ नाही. पुढच्या सारवणात ते पुसलं जाईल आणि पुढच्या लग्नाला नवं लिहिलं जाईल. इथून काही कोसांवर गंजाडला एक विशी-पंचविशीतला तरुण राहतो, जिव्या सोमा मशे. बायकांची ही चित्रं तो एक दिवस कागदावर आणील, लग्न नसतानाही काढील, आणि 2011 मध्ये त्याला पद्मश्री मिळेल. पण आज हा चौक ज्या हातांनी काढला, ते हात बाहेर गवताच्या पेंढ्या बांधतायत. बाहेर चला, तुमचीही गरज आहे.

छप्पर शाकारायचं आहे. पावसाच्या पहिल्या सरीआधी. दोघं गडी वर चढलेत, एक शेजारचा आणि एक घरधनी. उद्या हेच दोघं शेजाऱ्याच्या छपरावर असतील. इथं याची मजुरी मागत नाहीत. कुजलेलं गवत उपसून खाली टाकलं जातंय आणि त्याबरोबर विंचू, गोमा, उंदरांची पिल्लं पडतायत. कोंबड्यांची चंगळ आहे. तुमचं काम सोपं: पेंढी उचला, वर फेका. पहिल्या दहा पेंढ्यांत मजा वाटेल. मग गवताची कुसळं मानेत शिरतील, घामात मुरतील आणि अशी आग होईल की तुम्ही सदरा काढून टाकाल. आता तुम्ही इतरांसारखेच उघडे. वरून हाक येते, ‘दे रं बाबा, दे!’ सालीच्या बंधांनी पेंढी बांबूला आवळली जाते, तिच्यावर अर्धी चढवून दुसरी. खालून वर, कडेपासून आढ्यापर्यंत.

याच गवताच्या गासड्या बांधून मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जातात. जंगलपट्टीतली माणसं हिवाळाभर गवत कापतात ती मालकासाठी. घरासाठीचं गवत त्यातूनच, सवडीनं, रात्रीच्या चांदण्यात कापून साठवलेलं. म्हणून एक काडीही वाया गेलेली चालत नाही. पायाखाली तुडवू नका.

दुपारी जेवायला आत या. पळसाच्या पानावर नागलीची भाकरी, काळपट, जाड, चुलीच्या राखेचा कण असलेली. मघाच्या टोपलीतला जवळा मिरचीबरोबर भाजून ठेचलेला. आणि आज नशीब जोरावर आहे, शेवळं मिळालीत. पावसाची चाहूल लागली की जंगलात झाडांच्या बुडाशी जमिनीतून हे जांभळट कोंब वर येतात, दहा-पंधरा दिवस, बस. थोरली सून पहाटेच जाऊन घेऊन आली. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडाची आंबट फळं घालून शिजवायचं. काकडं कमी पडली तर घशाला अशी खाज सुटते की रात्रभर बोलता येणार नाही. तुमच्या पानात पडलेलं नीट शिजलंय, बिनधास्त खा. सोबत आंबील प्या. आंबट, पातळ, मडक्यात गार झालेली. उन्हानं आटलेल्या शरीरात ती कुठवर पोचली, ते तुम्हाला समजेल.

जेवल्यावर आडवं व्हायचा विचार असेल तर सोडा. घरातली डोकरी तुमच्याकडे बघतेय. तिला हाताशी माणूस हवंय, परसातल्या कामाला.

परस म्हणजे कुंपण, वाफे, फुलझाडं अशी बाग डोळ्यांपुढे आणू नका. घराच्या तिन्ही बाजूंनी, छपराच्या कडेपासून चार-पाच हातांवर, डोकरीनं काठीनं आळी केलीत. तिथंच का, ते ती सांगत नाही, पण बघून कळतं: पागोळ्यांचं पाणी वेगानं येऊन बी वाहून नेणार नाही, आणि वेल वर चढायला लागला की त्याला घराचाच आधार मिळेल. आत जा आणि चुलीवरच्या वाशाला टांगलेल्या गाठोड्या काढून द्या. वर्षभर धुरात राहिलेलं हे बी आहे. कीड त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. दुधी, काकडी, शिराळी, कारली, भोपळा, वाल, भेंडी, अंबाडी. कोणत्या फडक्यात काय आहे ते ती न सोडता, नुसतं चाचपून सांगते. प्रत्येक आळ्यात चुलीतली राख, मूठभर शेणखत, तीन बिया. तुम्ही चार टाकल्यात तर चौथी उचलून परत फडक्यात जाईल.

हा दुधी छपरावर चढेल, तेव्हा गवत त्याच्या पानांनी झाकलं जाईल आणि आश्विनातल्या उन्हात घर आणखी गार राहील. कोवळा असताना भाजी, जून झाला की वाळवून पाण्याचा तुंबा, आणि त्यातला एक चांगल्या घाटाचा तारप्यासाठी राखून ठेवायचा. काकडी भाताच्या बांधापर्यंत पसरेल. आंबा आणि फणस पाठीमागं, मोह जरा दूर, आणि ताडाच्या मडक्यात थेंब थेंब गळणारी ताडी दिवसातून दोनदा उतरवायची. बाग कुठं संपते आणि जंगल कुठं सुरू होतं, हे तुम्ही इथं रेघ मारून दाखवू शकणार नाही. ती रेघ जंगल खात्याच्या कागदावर आहे. डोकरीच्या लेखी शेवळं उगवणारं रानही तिच्या परसातच येतं, आणि मला तिचं म्हणणं पटतं.

चार वाजले असावेत. घड्याळ नाही, सावली मोहाच्या बुंध्यावरून पुढं सरकलीय. नवी सून मडकी घेऊन निघालीय, तिच्याबरोबर जा. विहीर आटलीय, म्हणून ओढ्याच्या कोरड्या वाळूत डवरा खणलाय. गुडघाभर खोल खड्डा, तळाशी गढूळ पाण्याची वाटी. करवंटीनं ते पाणी काढायचं, मडक्यात ओतायचं, आणि पुन्हा झिरपेपर्यंत बसायचं. पाच बायका रांगेत आहेत. इथंच सगळ्या पाड्याच्या बातम्या: कुणाच्या घरी लेक परत आली, कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या लग्नाचं कर्ज कुणाच्या नावावर चढलं. शेवटची गोष्ट सांगताना आवाज उतरतो. वधूसाठी द्यावं लागणारं देज आणि लग्नाचा खर्च भागवायला घेतलेल्या पैशांपायी नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबत वर्षं काढायची, लग्नगडी व्हायचं, हे या बायकांच्या आयांनी भोगलंय. ते फार जुनं झालेलं नाही.

मडकं भरलं. उचला. डोक्यावर चुंबळ नीट बसवा, मान ताठ, नजर समोर. चढाच्या वाटेवर पहिल्या वीस पावलांत मानेतून कळ निघेल आणि थंड पाण्याचा ओघळ पाठीवरून खाली जाईल. सून तुमच्या पुढं आहे, डोक्यावर दोन मडकी, कडेवर जावेचं पोर, आणि ती मागं वळून तुम्हाला हसतेय. या वाटेनं ती दिवसातून चार खेपा घालते. या घराचं, परसाचं, गुरांचं सगळं गणित तिच्या मानेवर तोललेलं आहे, आणि वारली चित्रांच्या दुकानात उभं राहून डोक्यावर मडकं घेतलेली ती नाजूक त्रिकोणी बाई बघताना हे वजन आठवायला हवं.

संध्याकाळ पटकन होते. गुरं परतली, धूळ उडाली, कोंबड्या डालग्याखाली गेल्या. घासलेटची चिमणी लावलीय, पण तेल महाग म्हणून जेवण उरकताच ती विझेल. कणगीत हात घालून घरधनी उरलेल्या भाताचा अंदाज घेतोय. हाताला तळ लागतो. बियाणं बाजूला काढलं की जे उरतं ते आषाढापर्यंत पुरेल. मग खावटी; सावकाराकडून खाण्यापुरतं धान्य उचलायचं आणि सुगीला कितीतरी वाढवून फेडायचं. ज्यांना तेही मिळत नाही ते रानातला कडू कंद खणतात, उकडतात, काप करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात आणि कडूपणा गेला की खातात. हे घर सुंदर आहे, थंड आहे, शहाणं आहे. आणि या घरात श्रावण-भाद्रपदात पोरं उपाशी झोपतात. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं झाकणारा माणूस तुम्हाला अर्धीच हकीकत सांगतोय.

झोपायला अंगणात बाज टाकलीय, पाहुण्याला. चंद्र उशिरा उगवेल. वारा पडलाय. पान हलत नाही. घाम कानामागून वाहतोय, डास कानाशी गुणगुणतायत, आणि कुठंतरी लांब, तलासरीच्या बाजूला, आकाश न वाजता चमकतंय. कूस बदला. पुन्हा बदला. डोकरी अंधारातून म्हणते, ‘आज येल.’

आणि तो येतो. आधी वारा, समुद्राकडून, ताडांना खडखडवत. मग धूळ, पाला, राखेचा लोट. बाज उचला, आत पळा! पहिले थेंब भाजलेल्या राबावर पडतात आणि जमिनीतून वास उठतो, राखेचा, मातीचा, ओल्या शेणाचा, मोहाच्या सालीचा. तुमच्या शहरातही पहिल्या पावसाला वास येतो, पण तुम्ही तो एवढ्या भुकेनं कधी घेतलेला नाही. पोरं नागडी बाहेर धावतात. बैल हंबरतात. वर, तुम्ही दुपारी फेकलेल्या पेंढ्यांवर पाऊस कोसळतोय आणि आत आवाज येतो तो नुसता दबका, एकसारखा, घोंगावणारा. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही; या गवताखाली डोकरी हळू आवाजात गोष्ट सांगतेय आणि सगळ्यांना ऐकू येतेय. एका कोपऱ्यात ठिपका टपकतो. घरधनी वर बघतो, मग तुमच्याकडे. ती पेंढी तुमची असावी. कुणीतरी खाली मडकं सरकवतं.

अजून झोप नाही. पावसाचा जोर ओसरताच बापये उठतात, चूड पेटवतात. चला ओढ्याकडे. दुपारी जिथं वाळूत करवंटीनं पाणी काढलंत तिथं आता गुडघाभर लाल पाणी धावतंय आणि त्यात मासे उलटे चढतायत, प्रवाहाविरुद्ध, खाचरांकडे, अंडी घालायला. वलगण लागली! बांबूच्या टोपल्या आडव्या धरल्या जातात, पोरं हातांनीच मासे पकडतायत, बिळातून निघालेले मुठे चुडीच्या उजेडात नांग्या उगारून तिरके पळतायत. एक तुमच्या बोटाला धरेल. ओरडा खुशाल, सगळे हसतील, आणि तो मुठा उद्या तुमच्याच पानात वाढला जाईल. मघा कणगीचा तळ चाचपणाऱ्या घरधन्याच्या टोपलीत आता उद्याची आणि परवाची भाजी आहे. तो गातोय.

पहाटे परतताना परसात थांबा. डोकरी आधीच तिथं आहे, भिजलेल्या आळ्यांवर वाकून. एका ठिकाणी पाण्यानं बी उघडं पडलंय. ती बोटानं माती सारते. काही दिवसांत इथं हिरव्या चोची दिसतील, पंधरवड्यात राबातलं रोप वीतभर होईल, मग आवणीची घाई, चिखल, इरली, आणि दिवसभर वाकलेल्या पाठी. तुम्ही थांबलात तर तुम्हालाही खाचरात उतरवतील. गाडीची वेळ झालीय, निघा.

आजच्या डहाणू-तलासरीत ही घरं मोजकीच उरलीत. सिमेंटची घरकुलं झाली, पत्रे आले, वीज आली, नळ काही पाड्यांपर्यंत आले आणि काहींपर्यंत अजून यायचेत. विंचू पडत नाहीत, दरवर्षी छप्पर शाकारावं लागत नाही, रात्री पोराला ताप आला तर दिवा लावता येतो. यातलं काहीही परत द्या असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली बसवत नाही, माणसं बाहेर आंब्याखाली येऊन बसतात. करवीचा कूड, खोल उतरतं छप्पर, वेलींनी झाकलेली उन्हाची बाजू हे सगळं ज्यांना येतं ती माणसं अजून पाड्यांवर आहेत. इथल्या हवेसाठी घर बांधायचं तर आराखडा काढण्याआधी त्यांच्यासमोर बसायला हवं.

आणि यंदा आगोटीच्या दिवसांत डहाणू रोड स्टेशनाबाहेर किंवा तलासरीच्या बाजारात पानावर शेवळांच्या जुड्या मांडून बसलेली बाई दिसली, तर भाव पाडू नका. जुडी घ्या, बरोबर काकडं मागा, आणि किती घालायची ते तिलाच विचारा.